यंत्र आणण्याआधी हिशेब मांडा: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, नवी दिल्ली

माहितीसाठी: मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री व मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: सरकारी पैशातून होणारी औषधे, यंत्रे व उपचारांची निवड आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाला कायद्याने बांधून घेण्याबाबत

महोदय,

मी पुणे जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत 31 वर्षे औषध निर्माण अधिकारी म्हणून नोकरी केली. शेवटची 12 वर्षे भांडार माझ्या ताब्यात होते. 2022 मध्ये निवृत्त झाले. भांडारात बसणाऱ्याला वॉर्डातले दुखणे रोज दिसत नाही, पण सरकारचा पैसा कशावर जातो आणि त्यातले रुग्णाच्या अंगी काय लागते, हे त्याच्या नोंदवह्यांत सगळे उतरलेले असते.

2017 साली आपल्याच मंत्रालयाच्या आरोग्य संशोधन विभागाने आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची यंत्रणा उभी केली. एचटीए इन इंडिया या नावाने ती ओळखली जाते. ती बातमी वाचली तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. नवे औषध, यंत्र, लस किंवा शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने द्यायची तर आधी विचारायचे: याने खरेच गुण येतो का, आत्ता जे देतो त्यापेक्षा किती जास्त येतो, त्यासाठी किती जास्त पैसा लागतो, आणि तोच पैसा दुसरीकडे लावला तर किती लोकांचे भले होईल. घरात चार माणसांचा संसार चालवणारी बाई रोज हा हिशेब करते. सरकारने तो करायला घेतला याचे मला अप्रूप वाटले.

आज इतकी वर्षे झाली. यंत्रणा आहे, तिथे जाणती माणसे आहेत, अहवालही निघतात. पण त्या अहवालातली शिफारस मानली पाहिजे, किंवा मानली नाही तर का नाही ते सांगितले पाहिजे, असे कायद्याचे बंधन कोणावरही नाही. ही उपेक्षा मला गप्प बसून पाहवत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे.

आधी एका यंत्राची गोष्ट सांगते.

2014 च्या मार्चअखेरीस आमच्या रुग्णालयात रक्ततपासणीचे एक स्वयंचलित यंत्र आले. साखर, क्रिएटिनिन, बिलिरुबिन असे सगळे एका दमात करणारे. निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता, त्यामुळे खोके उतरले त्याच दिवशी मी जडसंग्रह, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, नोंदवहीत नोंद घेतली आणि बिल पुढे गेले. निविदा नियमाप्रमाणे झाली होती. सर्वांत कमी दराची, एल-वन, म्हणून ती मंजूर झाली होती. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

खोके उघडल्यावर एकेक कळू लागले. त्या यंत्राला फक्त त्याच कंपनीचे रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायने, चालत. यंत्र स्वस्त होते, रिएजंट महाग होते, आणि निविदेत तुलना झाली होती ती नुसत्या यंत्राच्या किमतीची. एक किट उघडले की ते काही आठवड्यांत वापरून संपवावे लागे, आणि आमच्याकडे तेवढ्या तपासण्याच नव्हत्या. मी दर महिन्याला अर्ध्या भरलेल्या बाटल्या मुदतबाह्य म्हणून बाजूला काढत होते. प्रयोगशाळेत एसी नव्हता, तो यायला मे उजाडला. वीज गेली की यूपीएस दहा मिनिटांत माना टाकायचा. आमचे तंत्रज्ञ हुशार होते, पण कंपनीच्या माणसाने त्यांना दोन दुपारी शिकवले आणि तो जो गेला तो गेलाच. वॉरंटी संपल्यावर वार्षिक देखभालीच्या कराराचा प्रस्ताव वर गेला, तो अनुदान नाही म्हणून परत आला.

चौदा महिन्यांनी यंत्र बंद पडले. भांडारामागच्या बोळात ते ढकलून ठेवले. आमच्या एका सिस्टरांनी जुन्या चादरीचे खोळ शिवून त्यावर घातले, कारण पावसाचे पाणी झिरपायचे. दर वर्षी प्रत्यक्ष पडताळणीच्या वेळी मी खोळ वर करून अनुक्रमांक वाचायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे: चालू स्थितीत नाही. सात वेळा लिहिले. निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव मी निवृत्त झाले तोवर मंजूर झाला नव्हता. त्या सगळ्या वर्षांत बाळंतिणींचे आणि काविळीच्या रुग्णांचे रक्त बाहेरच्या खासगी लॅबमध्ये जात होते, आणि पावती नातेवाइकांच्या हातात पडत होती.

हे कोणा एका अधिकाऱ्यावर खापर फोडण्यासाठी लिहीत नाही. त्या साखळीतल्या प्रत्येकाने आपापले काम नियमाने केले, मीसुद्धा. दिवसाला किती तपासण्या होतात, दहा वर्षांत रिएजंटला किती पैसे लागतील, चालवणार कोण, याऐवजी जुने अर्धस्वयंचलित यंत्र ठेवले तर काय बिघडेल, हे प्रश्न विचारणे मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हते. नेमके हेच प्रश्न विचारायला तुमची यंत्रणा जन्माला आली आहे. तिचा आवाज भांडारापर्यंत पोचत नाही, ही माझी पहिली तक्रार.

त्या यंत्रणेने घेतलेले विषय मी निवृत्तीनंतर निवांत वाचले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणते भिंग बसवावे, सुई पुन्हा वापरता येणार नाही अशा सुरक्षित सिरिंज घ्याव्यात का, गर्भवतींचे हिमोग्लोबिन मोजायला कोणते उपकरण योग्य पडते. हे सगळे माझ्या रोजच्या इंडेंटमधले, म्हणजे मागणीपत्रातले, विषय! मोतीबिंदूच्या अभ्यासाचा कौल असा होता की, सरकारी कार्यक्रमासाठी छोट्या छेदाची शस्त्रक्रिया आणि न दुमडणारे साधे भिंग हा योग्य पर्याय आहे. आमच्याकडे शिबिरे व्हायची तेव्हा भिंगांची मागणी मीच टाकत असे. त्या अभ्यासाचा एक कागदही माझ्या टेबलावर कधी आला नाही. भिंगे विकणारे प्रतिनिधी मात्र महिन्यातून दोनदा येत.

दुसरी तक्रार माझ्या घरातली आहे.

माझे धाकटे दीर भोर तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करायचे. 2018 मध्ये त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीन डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. शासनाच्या योजनेतून डायलिसिस मोफत झाले, आणि त्याबद्दल आमचे कुटुंब शासनाचे ऋणी आहे. पण ते मोफत म्हणजे सुईपासून सुईपर्यंत. पहाटे पाचला घर सोडायचे, एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा, परत येताना अंगात त्राण नाही म्हणून कधी जीप भाड्याने. पुतण्याला बरोबर यावेच लागे, त्यामुळे त्याची एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी गेली. दोन वर्षांत एक बैलजोडी आणि अकरा गुंठे गेले. योजनेच्या कागदावर आमचा खर्च शून्य आहे.

पोटात नळी बसवून घरच्या घरी पिशव्यांनी करायचे डायलिसिसही असते. केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमात त्यासाठी 2019 मध्ये मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. दिरांना ते झेपले असते की नाही, मला सांगता येणार नाही. त्यात जंतुसंसर्गाची भीती असते, घर स्वच्छ लागते, द्रावणाच्या पिशव्या वेळेवर पोचाव्या लागतात. पण आम्हाला तो पर्याय कोणी सांगितलासुद्धा नाही. डोंगराळ भागातल्या रुग्णासाठी यंत्रावरचे की पोटातले, याचा हिशेब एसटीचे तिकीट आणि बुडालेली मजुरी धरून कोणी जिल्ह्यासमोर मांडला असता, तर निदान विचारता तरी आले असते.

थायलंडने हाच प्रश्न कसा सोडवला ते पाहा. त्यांनी 2002 मध्ये सर्वांसाठी आरोग्य योजना आणली आणि 2007 मध्ये मूल्यांकनासाठी हायटॅप नावाची संस्था काढली. त्यांच्या अभ्यासकांनी आकडे मांडले तेव्हा दोन्ही प्रकारचे डायलिसिस महागच ठरत होते. तरीही डायलिसिसपायी कुटुंबे कर्जात बुडतात हे समोर ठेवून सरकारने 2008 मध्ये ते योजनेत घेतले आणि पोटातल्या डायलिसिसला अग्रक्रम दिला. पुढे 2022 मध्ये ते धोरण बदलून रुग्णाला निवड दिली. हिशेब मांडला, तो बाजूला ठेवायचे कारण उघड सांगितले, आणि काळाप्रमाणे निर्णय बदलला. आपल्याकडे मूल्यांकन म्हटले की लोक घाबरतात, गरिबाचा उपचार कापण्याची ही कात्री आहे असे त्यांना वाटते. थायलंडच्या गोष्टीत तसे झालेले नाही.

तिसरी तक्रार लिहिताना अजूनही हात जड होतो.

एप्रिल 2021. माझ्या बहिणीचे यजमान पुण्यातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: प्लाझ्मा, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव, आणा. माझा भाचा दोन रात्री फोनवर होता. करोनातून बरे झालेले, रक्तगट जुळणारे, अनोळखी लोक. कोणाचा फोन लागत नव्हता, कोणी पैसे मागत होते, कोणी रडत होते. हडपसरचा एक मुलगा रात्री अडीच वाजता दुचाकीवरून रक्तपेढीत आला, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. प्लाझ्मा मिळाला. मेहुणे राहिले नाहीत.

प्लाझ्मामुळे गेले असे मी म्हणत नाही. मला नंतर कळले ते एवढेच. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली होती. प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत, आजार बळावणे थांबत नाही, हा तिचा निष्कर्ष सप्टेंबर 2020 मध्येच बाहेर आला होता. उपचाराच्या राष्ट्रीय सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे 2021 मध्ये. पुरावा आपल्याच देशातला, आपल्याच शास्त्रज्ञांचा, आणि तो सूचनेत उतरायला आठ महिने लागले. त्या दोन रात्री मेहुणे फोनवर दोन शब्द बोलू शकत होते. भाचा दुसऱ्यांशी बोलत होता.

पुरावा हाती आल्यावर किती दिवसांत निर्णय व्हायला हवा, याला आपल्याकडे मुदत नाही. इंग्लंडमध्ये 1999 पासून नाइस ही संस्था आहे. 2002 पासून तिथे नियम आहे की, नाइसच्या तज्ज्ञांनी मूल्यांकन करून एखादे औषध द्यावे असे सांगितले, तर तिथल्या आरोग्यसेवेने साधारण तीन महिन्यांत त्यासाठी पैसे उपलब्ध केलेच पाहिजेत. त्यांच्या समित्यांत सामान्य नागरिकही बसतात. इंग्लंडची ऐपत आपली नाही हे मला कळते. पण मुदत घालून घ्यायला ऐपत लागत नाही.

आता पुण्याचा ताजा अनुभव. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. धडधाकट माणसांचे पाय लुळे पडले, काही व्हेंटिलेटरवर गेले. महापालिका आणि राज्य सरकारने उपचाराच्या खर्चाची जबाबदारी घेतली, हे चांगले केले. त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते: इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन. नेहमीचा डोस शरीराच्या प्रत्येक किलोला एकूण 2 ग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या, आणि एका रुग्णाचे बिल लाखांत.

दुसरा उपचार आहे, रक्तातला प्लाझ्मा काढून बदलण्याचा. हे तंत्र वेगळे, करोनातल्या प्लाझ्माशी त्याची गल्लत करू नये. या आजारात दोन्ही उपचार सारखेच गुणकारी आहेत, हे 1992 आणि 1997 च्या मोठ्या चाचण्यांतून दिसलेले आहे. प्लाझ्मा बदलायला यंत्र लागते, मोठ्या शिरेत नळी घालणारे सरावलेले हात लागतात, लहान मुलांत ते अवघड जाते. पण प्रौढ रुग्णाला कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार द्यावा, याचा आधीच केलेला हिशेब आपल्याजवळ असता तर? बांगलादेशात यंत्राशिवाय थोडा थोडा प्लाझ्मा बदलण्याचा स्वस्त प्रयोग लहान गटावर झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्धही झाला. तो आपल्याला लागू पडेल का, हे तपासायला आपल्याकडे सात वर्षे होती. उद्रेक सुरू झाल्यावर हिशेब करायला कोणालाच वेळ नसतो. त्या वेळी नातेवाईक बाटल्या शोधतात, आणि ते मी पाहिले आहे.

केंद्राने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतीला लगाम घातला, औषधी स्टेंट 29,600 रुपयांवर आणला, त्याने हजारो कुटुंबे वाचली. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे दर ठरवताना रुग्णालयांच्या प्रत्यक्ष खर्चाचा देशव्यापी अभ्यास वापरला गेला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. पण स्टेंट कितीला मिळावा हे सांगितल्याने तो कोणाला बसवावा आणि कोणाला गोळ्यांवर ठेवावे, हे ठरत नाही. आणि 2017 च्या आरोग्य धोरणात सरकारचा आरोग्यावरचा खर्च 2025 पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) 2.5 टक्के करण्याचे वचन होते, ते दूरच आहे. पैसा कमी असेल तर निवड जास्त काटेकोर हवी, एवढे तर कोणीही मान्य करील.

काही डॉक्टर मित्रांनी मला सावध केले. म्हणाले, बाई, हे मागू नका, उद्या दुर्मीळ आजाराच्या मुलाला याच हिशेबाने नकार मिळेल. ही भीती मी हलक्यावर घेत नाही. पण 31 वर्षांत मी पाहिले की नकार आजही मिळतो. ‘अनुदान नाही’, ‘पुढच्या महिन्यात या’, ‘बाहेरून आणा’, ‘यादीत बसत नाही’. ज्याच्याकडे आमदारांची चिठ्ठी असते त्याला औषध मिळते, ज्याच्याकडे नसते तो बाकावर बसून राहतो. आजच्या नकाराला कारण नसते, त्यावर सही नसते, त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. मला लेखी, कारणासह आणि आव्हान देता येईल असा निर्णय हवा आहे, मग तो होकार असो वा नकार. आणि त्यात फक्त आकडा नसावा, दुर्मीळ आजार, लहान मुले, आदिवासी पाडे यांच्यासाठी वेगळा विचार कसा केला तेही लिहिलेले असावे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

या यंत्रणेच्या मूल्यांकन मंडळाला संसदेच्या कायद्याने दर्जा द्या. त्याच्या प्रत्येक शिफारशीवर 90 दिवसांत सरकारने स्वीकारली की नाकारली हे कारणासह जाहीर करावे. साथीच्या काळात ही मुदत दोन आठवड्यांवर आणावी.

राज्याने 2023 मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आहे. ठरावीक रकमेवरचे कोणतेही यंत्र त्याच्यामार्फत किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून घेण्याआधी एक पानी हिशेब सक्तीचा करा: दहा वर्षांचे रिएजंट, देखभाल, वीज, मनुष्यबळ, रोजचे अपेक्षित रुग्ण, आणि हे घेतले नाही तर काय. या पानावर भांडार आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांची सही घ्या. आम्हाला कोणी विचारतच नाही, आणि आम्हालाच आधी माहीत असते.

हिशेबात रुग्णाचा प्रवास, बुडालेला रोजगार आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस धरलाच पाहिजे.

समित्यांवर रुग्ण आणि परिचारिका असाव्यात. तज्ज्ञांनी कंपन्यांशी असलेले आपले आर्थिक संबंध आधी जाहीर करावेत.

प्रत्येक अहवालाचा दोन पानी सारांश मराठीत निघावा आणि तो तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचावा. अहवाल इंग्रजीत संकेतस्थळावर असतात, भोरच्या औषध निर्माण अधिकाऱ्याला ते उघडायला कोणी सांगत नाही.

घेतलेल्या वस्तूचा तीन वर्षांनी पुन्हा आढावा घ्या. उपयोग होत नसेल तर ती बंद करा, दुसऱ्या रुग्णालयाला द्या, आणि निर्लेखन वेळेत करा.

महाराष्ट्रासाठी कायमस्वरूपी कक्ष काढायचा असेल तर पुण्यात माणसांची वानवा नाही. अर्थशास्त्रासाठी 1930 पासूनची गोखले संस्था आहे, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून आहे, राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. आणि माझ्यासारखे निवृत्त भांडारपाल आहेत, ज्यांच्या डोक्यात तीस वर्षांच्या खरेद्या पाठ आहेत. बोलावलेत तर मी मानधन न घेता येईन.

या पत्राचे उत्तर मला लेखी हवे आहे, आणि ते मराठीत द्यावे, म्हणजे भोरला पुतण्यालाही वाचता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
बिबवेवाडी, पुणे